शूव म्हणजे परत: एक हिब्रू क्रियापद मराठीतून कसं शिकायचं

मिरजेच्या चर्चमध्ये रविवारची उपासना संपली की आम्ही काही जण मागच्या बाकांवर थांबतो आणि तासभर हिब्रू वाचतो. एक नर्स आहे, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, विट्याच्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या, कुटुंबातला एक मुलगा आहे आणि मी. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे सगळे मला बाईच म्हणतात. नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, सुरुवात कुठून करू?" मी त्यांना एक वही आणि एक लाल पेन्सिल आणायला सांगते आणि पहिल्या पानावर एकच शब्द लिहायला लावते: शूव.

शूव म्हणजे परतणे. जुन्या व्याकरणांत नमुन्याचं क्रियापद म्हणून 'कातल', म्हणजे ठार मारणे, घेतलेलं असतं. ते नियमित आहे, त्याचे तक्ते सुबक होतात. पण बायबलमध्ये ते अगदी मोजक्या ठिकाणी येतं, आणि मारण्याचे तक्ते घोकून कुणाचं मन भाषेवर बसत नाही. शूव हजाराहून अधिक वेळा येतं. ते अनियमित आहे, मधलं अक्षर गाळतं, स्वर बदलतं. तरीही मराठी माणसानं तिथूनच सुरुवात करावी, कारण त्याची किल्ली आपल्या तोंडात आधीपासून आहे. ती म्हणजे 'परत'.

आपण हा शब्द किती तऱ्हांनी वापरतो ते आधी वहीत लिहून काढा. पोरगं मुंबईहून परत आलं. उसने पैसे परत दिले. ऐकू आलं नाही, परत सांग. पहिल्यात माणूस स्वतः फिरून येतो, दुसऱ्यात वस्तू फिरवली जाते आणि तिसऱ्यात कुणी कुठं जात-येत नाही, काम पुन्हा होतं एवढंच. हे तिन्ही अर्थ हिब्रूत शूव एकट्यानं पेलतं. इंग्रजीतून हिब्रू शिकणाऱ्याला हे तीन निरनिराळ्या शब्दांनी समजावून घ्यावं लागतं. आपल्याला लागत नाही.

एक जागा मात्र सांभाळा. आपण भाजीही परततो. हिब्रूत तव्यावरचं उलटण्यासाठी वेगळं क्रियापद आहे, 'हाफख'. होशेयच्या ७व्या अध्यायात ८व्या वचनात एफ्राइमला न उलटलेली भाकर म्हटलंय, तिथं हाफख आहे. स्वयंपाकघरापुरता 'परत' बाजूला ठेवा, बाकी सगळीकडे तो साथ देतो.

आता अक्षरं. शूवची मूळ अक्षरं तीन: शीन, वाव, बेथ. लिहायची उजवीकडून डावीकडे. बेथमध्ये ठिपका नसला की उच्चार व. मधला वाव कच्चा असतो, भूतकाळात तो दिसेनासाच होतो. म्हणून भूतकाळातलं रूप फक्त दोन अक्षरांचं दिसतं: शाव, तो परतला. शब्दकोशात बहुतेक हिब्रू क्रियापदं 'तो' च्या भूतकाळी रूपाखाली सापडतात, पण अशा मधल्या वावाच्या क्रियापदांना तो नियम चालत नाही. ती धातूरूपाखाली, म्हणजे शूव अशीच शोधायची. दोनच अक्षरं दिसली की मध्ये वाव किंवा योद दडलाय का, ही शंका आधी घ्या. पहिल्या वर्षी माझे कितीतरी तास या एका गोष्टीपायी वाया गेले.

रूपं मोठ्यानं म्हणा. शाव, तो परतला. शावा, ती परतली. शवता, तू परतलास. शवत्, तू परतलीस. शवती, मी परतलो किंवा परतले. शावू, ते परतले. शवनू, आम्ही परतलो. पुढच्या किंवा अपूर्ण क्रियेसाठी अक्षर मागून लागण्याऐवजी पुढून लागतं: याशूव, तो परतेल, ताशूव, ती परतेल, नाशूव, आम्ही परतू. आज्ञा करताना पुरुषाला शूव, बाईला शूवी, अनेक पुरुषांना शूवू आणि अनेक बायकांना शोवना. मराठीत 'परत जा' म्हणताना समोर बाई आहे की पुरुष हे आज्ञेत उमटत नाही. हिब्रूत उमटतं. पुढं रूथच्या पुस्तकात याचा फार उपयोग होतो.

आता प्रयोजक. बसणे-बसवणे, फिरणे-फिरवणे आपल्याला शिकवावं लागत नाही. हिब्रूत हेच काम 'हिफील' नावाची घडण करते: शाव म्हणजे परतला, हेशीव म्हणजे परत आणलं, परत केलं. ओळखायची खूण साधी आहे. पोटात लांब ई ऐकू येते आणि सुरुवातीला बहुधा ह किंवा म असतो. याशूव, तो परतेल. याशीव, तो परत करील. एका ऊच्या जागी ई आली आणि परतणारा माणूस परत करणारा झाला. याच रूपानं 'शब्द परत देणे' असा वाक्प्रचार होतो, त्याचा अर्थ उत्तर देणे. तिसरी घडण कमी भेटते. तिच्यात शेवटचं अक्षर दुणावतं: येशोवेव. २३व्या स्तोत्रातल्या 'तो माझा जीव ताजा करतो' या अर्थाच्या ओळीत ती आहे. सुरुवातीला ती नुसती ओळखता आली तरी पुरे.

एक रूप मात्र जवळून बघा, कारण ते प्रत्येक कथेत येतं आणि प्रत्येक नवशिका ते चुकीचं वाचतो. 'आणि तो परतला' असं गोष्ट सांगताना हिब्रू लेखक 'वय्याशोव' लिहितो. या शब्दात एकच स्वरखूण दोनदा आहे, 'या' खाली आणि 'शो' खाली. खूण तीच, वाचन दोन. त्या खुणेचा उच्चार एरवी लांब आ असतो. पण शब्दावरचा आघात मागं सरकून 'या' वर आला की पुढचं बंद अक्षर आखडतं आणि तिथं ती ऱ्हस्व ओ होते. म्हणून वय्याशाव म्हणायचं नाही, वय्याशोव म्हणायचं. बाईसाठी वत्ताशोव. या खुणा मासोरेत, म्हणजे हिब्रू बायबलचा मजकूर जपणाऱ्या, पंडितांनी सातव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यान अक्षरांना जोडल्या, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कानानं जपलेला उच्चार त्यांनी कागदावर उतरवला. म्हणून नुसतं डोळ्यांनी वाचू नका, ओठ हलवा.

आघाताची दुसरी गंमतही इथंच सांगते. शावू या रूपात आघात पहिल्या अक्षरावर असेल तर 'ते परतले', दुसऱ्यावर असेल तर 'त्यांनी कैद करून नेलं'. तो दुसराच धातू. आणि 'याशव', म्हणजे बसणे, वस्ती करणे, हा आणखी एक सोबती. खुणा झाकल्या तर 'तो परतला' आणि 'तो वसला' यांची अक्षरं सारखीच दिसू शकतात. वय्याशोव, तो परतला. वय्येशेव, तो वसला.

इतकं झालं की तक्ते मिटा आणि रूथचा पहिला अध्याय उघडा. बावीस वचनं आहेत आणि शूव त्यांत बारा वेळा येतं. लाल पेन्सिलीनं बाराही शोधा. वचन ६, ७, ८, १०, ११, १२, मग १५ मध्ये दोनदा, १६, २१ आणि २२ मध्ये दोनदा. अकराच सापडले तर बहुधा १५व्या वचनातला एक निसटलेला असतो.

माझं माहेर आटपाडी तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते, आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि आम्हाला सुकडी मिळायची. आमच्याकडे 'जगायला गेला' असं म्हणतात. कुणी गलाईच्या धंद्यात परमुलखात गेलं, कुणी मुंबईच्या गिरणीत. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, एक कुटुंब मवाबात जगायला जातं, तिथं नवरा जातो, दोन्ही मुलगे जातात आणि उरतात तीन विधवा: नामी आणि तिच्या दोन सुना, अर्पा आणि रूथ. ही गोष्ट आम्हाला समजावून सांगावी लागत नाही. ४थ्या वचनात ते तिथं 'वसले', हा याशव. ६व्यात नामी 'परतायला' उठते, हा वत्ताशोव. मघाचे दोन सोबती इतक्या जवळ उभे आहेत.

आता प्रत्येक लाल खुणेपाशी एकच प्रश्न विचारा: परत कुठं? शूवला स्वतःची दिशा नाही. ती त्याच्यासोबतच्या शब्दावरून ठरते. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून लागतं, त्यांचं पुढून: 'एल' म्हणजे कडे, 'मिन' म्हणजे पासून, 'अहरे' म्हणजे मागोमाग. ६ आणि ७ मध्ये परतणं म्हणजे यहुदाकडे. ८व्या वचनात नामी सुनांना म्हणते 'शोवना', दोघी परत जा, प्रत्येकीनं 'आपल्या आईच्या घरी'. हिब्रूत 'बेत इम्माह', आईचं घर. आपला 'माहेर' हा शब्द 'मातृगृह' वरून आलाय, तेव्हा इथं माहेर लिहिलं की अर्थ आणि व्युत्पत्ती दोन्ही जागेवर बसतात. १०व्यात सुना म्हणतात, नाही, तुझ्याबरोबर तुझ्या लोकांकडे 'नाशूव', आम्ही परतू. ११ आणि १२ मध्ये सासू पुन्हा 'शोवना'. शब्द तोच, पण सासू ओढते मवाबाकडे आणि सुना यहुदाकडे. १५व्यात अर्पा गेलेली आहे आणि नामी रूथला म्हणते, 'शावा येविमतेख', तुझी जाऊ परतली, 'शूवी', तूही तिच्यामागं परत जा. येविमतेख म्हणजे दिराची बायको. इथं 'जाऊ' सोडून दुसरा शब्द मनात आणू नका. आणि आता शूवी आहे, शोवना नाही, कारण समोर एकच सून उरलीय. प्रत्ययातच मोकळी झालेली जागा दिसते.

मग २१वं वचन. यावर आम्ही दोन रविवार घालवले. नामी बेथलेहेमात पोचल्यावर म्हणते: 'अनी मलेआ हालख्ती, वरेकाम हेशीवनी' आणि पुढं परमेश्वराचं नाव. शब्दाला शब्द: मी भरलेली गेले, आणि रिकामी मला परत आणलं परमेश्वरानं. जाताना क्रियापद साधं आहे आणि कर्ता 'मी'. परतताना क्रियापद प्रयोजक आहे, कर्ता परमेश्वर आणि ती स्वतः शेवटच्या 'नी' मध्ये, 'मला' एवढीच होऊन बसलीय. गेले मी, आणलं त्यानं. 'भरलेली' आणि 'रिकामी' हे दोन्ही शब्द आपापल्या क्रियापदाच्या आधी आलेत, आणि मराठीत ते तसेच ठेवता येतात, जराही ओढाताण होत नाही. माझा मामा १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी आला तेव्हा त्याच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती. आई दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली, 'आलास' सुद्धा म्हणाली नाही. 'रेकाम' हा शब्द वाचते तेव्हा मला ती ट्रंक दिसते.

२२व्या वचनानं आमच्या नर्सला अडवलं. तिथं रूथला 'हश्शावा' म्हटलंय: मवाबातून परत आलेली. ती म्हणाली, "बाई, ही कुठली परत आली? ही तर पहिल्यांदाच आली." अगदी बरोबर. रूथनं बेथलेहेम कधी पाहिलंच नव्हतं. मराठीत नव्या सुनेला कुणी 'परत आली' म्हणणार नाही, आणि भाषांतर करताना नुसतं 'आली' लिहून पुढं जायचा मोह होतो. तो आवरा. रूपाकडे नीट बघा: पुढं 'ह' आहे, म्हणजे 'ती जी'. आणि आघात मूळ 'शावा' च्या पहिल्या अक्षरावर आहे. आघात शेवटी असता तर 'परतणारी' असं धातुसाधित झालं असतं. पहिल्यावर आहे म्हणून 'ती जी परतली', घडून गेलेली गोष्ट. हेच रूप २ऱ्या अध्यायात मुकादमाच्या तोंडी रूथबद्दल पुन्हा येतं आणि ४थ्यात नामीबद्दल. माझं मत असं, की सांगणाऱ्यानं हे जाणून केलंय. सासू-सुनांमध्ये 'परत कुठं' याची जी रस्सीखेच अध्यायभर चालली, तिचा निकाल त्यानं या एका रूपात लावला: जिथं ती कधी गेली नव्हती तेच तिचं घर ठरलं. मराठीत विचित्र वाटलं तरी मी 'परत आलेली मवाबी रूथ' असंच लिहिते.

रूथ झाली की इसहाकाच्या विहिरी वाचा, उत्पत्ती २६:१८. अब्राहामाच्या काळातल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीनं बुजवल्या होत्या. तिथं आहे 'वय्याशोव यित्सहाक वय्याहपोर', शब्दशः 'इसहाक परतला आणि त्यानं खणल्या'. अर्थ मात्र 'इसहाकानं परत खणल्या'. शूवच्या पाठोपाठ दुसरं क्रियापद त्याच रूपात आलं की शूव 'पुन्हा' होऊन जातं. म्हणून दोन क्रियापदं जोडीनं दिसली की आधी 'परत' हा शब्द लावून बघा. वाक्य सुरळीत वाचता आलं तर उत्तर सापडलं. आमच्या बँकवाल्या काकांनी हे पहिल्या झटक्यात ओळखलं. त्यांच्या गावच्या विहिरीतला गाळ दर उन्हाळ्यात परत काढावा लागतो.

सांगलीकरांनी उत्पत्ती ८:३ चुकवू नये. जलप्रलयाचं पाणी ओसरतं तिथं शूव आहे: 'वय्याशुवू हम्मायिम', पाणी परतलं. क्रियापद अनेकवचनी आहे कारण हिब्रूत पाणी हा शब्द अनेकवचनीच असतो. पुढं 'हालोख वाशोव' अशी दोन धातुसाधितं येतात, जाणे आणि परतणे, म्हणजे हळूहळू, सतत, मागं मागं सरत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गावभागातल्या घरात छातीभर पाणी होतं. आम्ही मिरजेला नणंदेकडे होतो आणि रोज सकाळी एकच प्रश्न, "आज किती उतरलं?" कधी दोन बोटं, कधी वीत. घरी आलो तेव्हा खालच्या फळीवरचा माझा हिब्रू कोश फुगून दुप्पट झाला होता. एकेक पान वेगळं करून पंख्याखाली वाळवलं. शीन हे शेवटून दुसरं अक्षर, त्यामुळे शूवचं पान कोशाच्या अगदी मागच्या भागात येतं, आणि त्या पानाच्या कडेला अजून गढूळ पाण्याची रेघ आहे. 'हालोख वाशोव' चं भाषांतर मी 'ओसरत ओसरत गेलं' असं करते.

दिशेचा प्रश्न सगळ्यात कठीण होतो तो यिर्मयाच्या ८व्या अध्यायात, ४थ्या वचनात: 'इम याशूव वलो याशूव'. दोन्ही रूपं हुबेहूब सारखी, मधे फक्त 'आणि नाही'. शब्दशः 'परतला तर परतणार नाही का?' आधीच्या ओळीत पडलेला माणूस उठत नाही का असं विचारलंय, त्यावरून उलगडा होतो: वाट सोडून फिरलेला माणूस फिरून माघारी येत नाही का? दूर जाणंही शूव आणि जवळ येणंही शूव. मराठीत 'फिरणे' दोन्ही कामं करतं, शब्दाला फिरला आणि मागं फिरला, म्हणून इथं मी परतणे सोडून फिरणे घेते. संदेष्टे 'शूवू' म्हणतात तेव्हा आपण पुष्कळदा 'पश्चात्ताप करा' असं वाचतो. तो शब्द चुकीचा नाही, पण पश्चात्तापात मागाहून होणारा ताप आहे, पायांचं वळणं नाही. शूवमध्ये पाय आधी वळतात. त्यामुळे माझ्या वहीत मी 'माघारी फिरा' लिहिते आणि शेजारी समासात 'पश्चात्ताप' ठेवते.

हिब्रू मराठीतून शिकणं ही काही आमचीच टूम नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं होतं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये छापून निघालं. एखादं वचन अडलं की मूळ वाचून मग निरनिराळी मराठी भाषांतरं शेजारी शेजारी ठेवा. आधी भाषांतर वाचलं तर तेच कानात बसतं आणि मूळ रूप डोळ्यांना दिसेनासं होतं.

शेवटचा अभ्यास म्हणून रूथ ४:१५ काढा. नामीच्या मांडीवर नातू आहे आणि गावातल्या बायका तिला म्हणतात, हा तुला 'मेशीव नेफेश' होईल. पुढं म आहे, पोटात ई आहे, म्हणजे हिफीलचं धातुसाधित: परत आणणारा. नेफेश म्हणजे जीव. जिनं 'रिकामी परत आणलं' म्हटलं होतं, तिलाच त्याच घडणीतला शब्द परत मिळतोय. विलापगीताच्या १ल्या अध्यायात ११व्या वचनात भुकेले लोक मोलाच्या वस्तू देऊन अन्न घेतात तेही जीव 'परत आणण्यासाठी', तिथंही हीच जोडी. 'जीवनदाता' असं लिहून बघितलं, फार जड झालं. मग गलाईवाल्यांचा मुलगा, जो सहसा बोलत नाही, तो म्हणाला, "बाई, जिवात जीव आणणारा." आम्ही सगळ्यांनी लाल पेन्सिलीनं तेच लिहून घेतलं.